कार्ड दिसत नाही, पण कोणाला?

जुलैमध्ये भाच्याने धनकवडीची खोली सोडून कोथरूडला, आमच्या घरापासून चार इमारती पलीकडे, बिऱ्हाड हलवले. गाद्या आणि पुस्तके टेंपोतून आली. संगणकाचे कॅबिनेट मात्र त्याने स्कूटरच्या पायाशी उभे ठेवून, पावसाळ्यातले सगळे खड्डे चुकवत आणि न चुकवत स्वतः आणले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला, “मामा, ग्राफिक्स कार्ड डिटेक्टच होत नाहीये. रात्रभर ड्रायव्हर काढतोय आणि टाकतोय, पहाटे विंडोजसुद्धा नव्याने टाकली.” मी त्याला एवढेच विचारले की, कार्ड दिसत नाही ते नेमके कोणाला, विंडोजला की बायॉसला? बायॉस, म्हणजे विंडोजच्याही आधी जागी होणारी, संगणकाच्या मुख्य पाटीवरची (मदरबोर्डवरची) आज्ञावली, त्याने उघडून पाहिली नव्हती.

हा प्रश्न आधी विचारला असता तर त्याची झोप वाचली असती. “कार्ड डिटेक्ट होत नाही” या एका तक्रारीत निदान पाच निरनिराळे बिघाड लपलेले असतात आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो: आधी वीज, मग तारेच्या पलीकडे कोणी आहे की नाही याची चाचपणी, मग दोघांचा सूर जुळणे, मग नाव-गाव विचारणे आणि सर्वांत शेवटी ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कार्डाशी बोलायला शिकवणारी आज्ञावली. आपल्याकडे दुरुस्ती बहुधा शेवटच्या पायरीपासून सुरू होते, कारण ती खुर्चीवर बसून करता येते आणि तिला स्क्रूड्रायव्हर लागत नाही.

पहिली पायरी विजेची. मदरबोर्डवरचा लांब पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देऊ शकतो. त्याहून अधिक भूक असलेल्या कार्डाला एसएमपीएसमधून, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, वेगळी वायर द्यावी लागते. ६ पिनांची जोडणी आणखी ७५ वॉट देते आणि ८ पिनांची १५० वॉट. नव्या १६ पिनांच्या जोडणीची मर्यादा ६०० वॉटपर्यंत जाते. येथे एक फसगत नेहमी होते. भाचाही म्हणाला, “कार्डावरचे दिवे लागताहेत, म्हणजे कार्ड चालू आहे.” दिवे लागतात किंवा पंखे फिरतात याचा अर्थ कार्डापर्यंत १२ व्होल्ट पोहोचले आहेत एवढाच होतो, आणि तेही स्लॉटमधून न येता नुसत्या बाहेरच्या वायरीतून आलेले असू शकतात. रस्त्यावरून एखाद्या घरात दिवा दिसला, म्हणून घरातला माणूस हाकेला ओ देईलच असे नाही.

त्यापुढची पायरी मला या साऱ्या यंत्रणेतली सर्वांत देखणी वाटते. स्लॉटमध्ये कार्ड आहे हे मदरबोर्डला कळते कसे? तेथे कोणताही डोळा नसतो. मदरबोर्डवरची चिप प्रत्येक तारेवर विजेचा दाब किंचित वाढवते आणि तो दाब चढायला किती वेळ लागतो ते मोजते. तार पलीकडे मोकळीच असेल तर दाब झर्रकन चढतो. कार्ड बसलेले असेल तर वाटेतला कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) कार्डातल्या सुमारे ५० ओहमच्या रोधामार्फत भरावा लागतो आणि त्यामुळे दाब चढायला उशीर लागतो. अंधारात नळाखाली फुलपात्र ठेवले आहे की पिंप, हे भरायला लागणाऱ्या वेळावरून ओळखावे, तसाच हा प्रकार आहे. म्हणजे कार्डाची पहिली ओळख त्याच्या नावावरून किंवा कंपनीवरून होत नाही. ती या उशिरावरून होते, आणि उशीर जाणवला नाही तर मदरबोर्डच्या लेखी ती जागा रिकामी असते. त्यानंतर कितीही ड्रायव्हर टाकले तरी त्या रिकाम्या जागेत कार्ड उगवत नाही.

पलीकडे कोणी आहे हे कळल्यावर दोन्ही बाजू एकमेकींशी सूर जुळवतात. कार्ड कितीही नवे असले तरी ही बोलणी सुरू होतात ती पीसीआय एक्स्प्रेसच्या २००३ च्या पहिल्या आवृत्तीच्या वेगाने, म्हणजे एका मार्गिकेवर (कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या तारांच्या एका संचावर) सेकंदाला २५० कोटी बिट, आणि ती जमली की मग वेग वाढवला जातो. चौथ्या आवृत्तीत तो सेकंदाला १६०० कोटी बिटांवर जातो. मदरबोर्डच्या तांब्याच्या रेषांमधून संदेश एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंटिमीटर धावतो, त्या हिशेबाने या वेगाला एका बिटची लांबी जेमतेम १ सेंटिमीटर भरते. करंगळीच्या नखाएवढे बिट एकामागोमाग एक धावत आहेत, अशी कल्पना करावी. जुन्या पीसीआय पद्धतीत सगळी कार्डे एकाच सामायिक रस्त्यावर समांतर तारांनी जोडलेली असत, नव्या पद्धतीत प्रत्येक कार्डाला स्वतःची थेट वाट असते. ही थेट दुव्यांची कल्पना पुण्याला तशी परकी नाही: सी-डॅकने १९९१ मध्ये येथे उभारलेला ‘परम ८०००’ हा महासंगणक ज्या ट्रान्सप्युटर चिपांवर चालत होता, त्यांतली प्रत्येक चिप चार क्रमिक दुव्यांनी आपल्या शेजाऱ्यांशी बोलत असे. ग्राफिक्स कार्डाला अशा १६ मार्गिका मिळतात. त्यांतल्या काही निकामी झाल्या तर दोन्ही बाजू ८, ४ किंवा अगदी १ मार्गिकेवरही भागवून घेतात आणि वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

दुवा जुळला की बायॉस हजेरी घेतो. तो प्रत्येक संभाव्य पत्त्यावर “आपण कोण?” असे विचारत जातो आणि उत्तरादाखल कंपनीचा ठरलेला क्रमांक मिळतो. एएमडीचा क्रमांक १००२ आहे, एनव्हिडियाचा १०डीई, आणि इंटेलने स्वतःसाठी ८०८६ घेतला आहे, जो १९७८ च्या तिच्या प्रसिद्ध प्रोसेसरचाच आकडा आहे. पत्त्यावर कोणीच नसेल तर सगळे बिट १ असलेले उत्तर वाचले जाते, आणि बायॉस ती जागा सोडून पुढे जातो.

म्हणून बायॉसमध्ये किंवा लिनक्सच्या ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेच्या यादीत कार्ड दिसत असेल, तर वीज, चाचपणी, सूर आणि हजेरी या चारही पायऱ्या पार पडलेल्या असतात आणि मगच दोष विंडोजकडे शोधावा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजर या उपकरणांच्या यादीत ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असे लिहून आले, तर कार्ड जागेवर आहे, फक्त त्याचा ड्रायव्हर नाही. तेथेच दिसणारा कोड ४३ म्हणजे उपकरणाने स्वतःच अडचण कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवले आहे. त्याचे कारण ड्रायव्हर असू शकते किंवा कार्डाची खरीखुरी खराबीही. कोड १२ चा अर्थ कार्डाला हवी तेवढी पत्त्यांची जागा मिळाली नाही, आणि अशा वेळी बायॉसमधली ‘अबव्ह ४जी डीकोडिंग’ ही सोय चालू करून पाहावी. भाच्याच्या बायॉसमध्ये मात्र त्या स्लॉटपुढे काहीच नव्हते. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावल्यामुळे प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चित्र येत होते, एवढाच दिलासा. ज्या इंटेल प्रोसेसरांच्या नावाशेवटी ‘एफ’ असते, त्यांच्यावर तीही सोय नसते.

तेव्हा कॅबिनेट उघडणे आले. मागचे बटण बंद करून वायर काढली, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरून उरलीसुरली वीज उतरवली आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला. भाचा लगेच म्हणाला, “मामा, लॉक बघा, लागलेलंच आहे.” लॉक खरोखर लागलेले होते. पण स्लॉटचे लॉक असते कॅबिनेटच्या पुढच्या बाजूच्या टोकाला, आणि कार्डाची लोखंडी पट्टी असते दुसऱ्या टोकाला, मागच्या पत्र्यापाशी. टॉर्च तिरका धरून पाहिले तेव्हा लॉककडची सोनेरी कड स्लॉटमध्ये पूर्ण बुडालेली होती, पट्टीकडे मात्र तीच कड दीड-दोन मिलिमीटर वर उचललेली होती. पट्टीचा स्क्रू जागेवर नव्हता. तो नंतर जुन्या खोलीच्या खणातून आणलेल्या खिळ्यांच्या डबीत सापडला. स्क्रूचा आधार नसलेले जड कार्ड रस्ताभर हिंदकळत आले आणि लॉकच्या टोकाभोवती किंचित वळून मागच्या बाजूने वर आले.

आता हेच टोक का महत्त्वाचे, ते पाहा. कार्डाच्या कडेवर एकूण १६४ संपर्कपट्ट्या असतात आणि पट्टीजवळच एक खाच असते. खाचेच्या अलीकडच्या तोकड्या भागात स्लॉटमधून येणारी वीज आणि कार्डाला जागे करणारा रिसेटचा संकेत असतो. खाच ओलांडताच कार्डाला ताल देणारे १०० मेगाहर्ट्झचे घड्याळ आणि पहिली मार्गिका लागते. लॉककडचे टोक उचलले गेले असते तर कार्ड कमी मार्गिकांवर का होईना चालले असते. पट्टीकडचे टोक उचलल्यामुळे ते मदरबोर्डच्या दृष्टीने नाहीसेच झाले, आणि दिवे तेवढे बाहेरच्या वायरीवर जळत राहिले.

कार्ड पूर्ण बाहेर काढून, दोन्ही टोकांवर सारखा दाब देत परत बसवले आणि स्क्रू आवळला. बायॉसमध्ये नाव उमटल्याबरोबर भाच्याने माउस हातात घेतला, पण मी त्याला आधी जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारे साधन उघडायला लावले. तेथे १६ ऐवजी ८ मार्गिका दिसत होत्या. (कार्डाला काही काम नसताना वेगाचा आकडा खाली दिसतो तो वीज वाचवण्यासाठी, त्याला घाबरू नये, मार्गिकांची संख्या कमी दिसली तर मात्र लक्ष घालावे.) पुन्हा काढून पाहिले तर स्लॉटच्या लॉककडच्या टोकात धुळीचा चांगला पुंजका होता. शेजारी इमारतीचे बांधकाम असले की पुण्यात हे व्हायचेच. ब्रशने स्लॉट झाडला आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने कड पुसली. पुष्कळ जण येथे पेन्सिलचे खोडरबर घासतात. मला ते पटत नाही, कारण सोन्याचा मुलामा अत्यंत पातळ असतो आणि रबराचा चुरा पुन्हा स्लॉटमध्येच जातो. तिसऱ्या खेपेस १६ मार्गिका आल्या.

एवढे करूनही कार्ड दिसले नसते तर पुढची वाट ठरलेली होती: ते दुसऱ्या चालू संगणकात लावून पाहायचे, म्हणजे दोष कार्डाचा की मदरबोर्डचा याचा निकाल लागतो. मध्ये रायझर केबल, म्हणजे कार्ड स्लॉटपासून दूर बसवण्यासाठीची जोडतार, असेल तर ती वगळायची, किंवा बायॉसमध्ये स्लॉटचा वेग एक आवृत्ती खाली आणायचा. आणि पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत, सुट्या वायरी कितीही मिळोत, एका एसएमपीएसची सुटी होणारी वायर दुसऱ्याला कधीही लावायची नाही. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची रचना कंपनीगणिक वेगळी असते आणि तेथे चूक झाली तर कार्ड कायमचे जळते.

भाच्याला दिवाळीत पुन्हा खोली बदलायची आहे. या वेळी कार्ड काढून, त्याच्या मूळ खोक्यात घालून, मांडीवर घेऊन रिक्षाने यायचे आणि कॅबिनेट मदरबोर्ड खाली येईल असे आडवे ठेवायचे, असे ठरले आहे. स्क्रू मी चिकटपट्टीने खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवला आहे.