प्राचीन नाण्यांचे डिजिटल अभिरक्षण

संग्रहालयातील प्राचीन नाण्यांची छायाचित्रे, मोजमापे, वर्णने व संदर्भ संगणकीय स्वरूपात तयार करणे, ते वेळोवेळी तपासून दुरुस्त करणे आणि अभ्यासकांना खुले करणे, या कामाला ‘डिजिटल अभिरक्षण’ ही संज्ञा लावतात. डिजिटल अभिरक्षकाला नाणकशास्त्र आणि माहितीव्यवस्थापन या दोन्हींची जाण लागते. लहान संग्रहालयांत हे काम बहुधा नाणे विभागाच्या अभिरक्षकाकडेच असते.

या कामाचा प्रारंभ कोठून धरावा, याविषयी एकमत नाही. संगणकावरील पहिल्या नोंदवह्यांपासून तो मोजता येईल. पण त्या नोंदी ज्या त्या संस्थेपुरत्या होत्या. राजा, टांकसाळ, धातू, मूल्य अशा प्रत्येक संकल्पनेला कायमचा वेब-पत्ता देऊन निरनिराळ्या संग्रहांतील नोंदी जोडण्याचे काम ‘नोमिस्मा’ प्रकल्पाने २०१० च्या सुमारास हाती घेतले. आजच्या अर्थाने हे अभिरक्षण तेथून सुरू झाले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. अर्थात या जोडणीचा पाया छापील सूचींचाच आहे. रोमन सम्राटांच्या नाण्यांची ऑनलाइन सूची १९२३ पासून खंडशः प्रसिद्ध झालेल्या सूचीतील प्रकार-क्रमांकांवर उभी आहे. प्राचीन भारतीय नाण्यांसाठी अशी एकच सर्वमान्य सूची नाही. मगध-मौर्य काळातील आहत (सुटे ठसे मारून चिन्हे उमटवलेल्या) नाण्यांसाठी गुप्ता व हार्डेकर यांची १९८५ ची वर्गवारी वापरतात; जनपदांच्या नाण्यांसाठी मात्र अनेक सूची चाळाव्या लागतात.

छायाचित्रण : पूर्वीच्या सूचींत मूळ नाण्याऐवजी प्लॅस्टरच्या ठशाचे छायाचित्र पुष्कळदा छापत, चांदीची चकाकी त्यात आड येत नसे. आता छायाचित्र थेट नाण्याचेच घेतात. प्रकाश वरून, डावीकडून पाडण्याचा प्रघात आहे. तो खालून आला तर उठावाची आकृती खोलगट भासते. मोजपट्टी नाण्याच्या वरच्या पातळीवर टेकवावी लागते. ती खाली राहिली तर जाड नाणे प्रत्यक्षाहून मोठे दिसते. झिजलेल्या मुद्रालेखांसाठी कॅमेरा स्थिर ठेवून दिव्याची दिशा बदलत अनेक छायाचित्रे घेतात आणि ती संगणकात एकत्र करतात. मग पडद्यावर प्रकाश हवा तसा फिरवून अक्षरे वाचता येतात. छायाचित्रासाठी नाणे घासून चकचकीत करणे पूर्णपणे वर्ज्य होय. पृष्ठभागावरचा थर हाही पुरावाच असतो.

नोंद : वजन ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत आणि व्यास मिलिमीटरमध्ये देतात. पुरोभाग (दर्शनी बाजू) सरळ धरून नाणे उभ्या अक्षाभोवती उलटवले असता मागील बाजूवरील आकृतीचा माथा कोणत्या दिशेस येतो, ते घड्याळाच्या तासांत लिहितात. आहत नाण्यांवर चिन्हे सुटी सुटी उमटवलेली असल्यामुळे हा रकाना त्यांना गैरलागू ठरतो. तेथे ‘लागू नाही’ असे स्पष्ट लिहावे. रकाना नुसता कोरा ठेवला, तर मोजायचे राहून गेले असा समज होतो.

मोजमाप हे निरीक्षण असते. राजाचे नाव व काळ हे अभ्यासकाचे मत असते. चांगल्या नोंदीत या दोहोंची सरमिसळ होऊ देत नाहीत. नाशिकजवळ जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या निधीत याची खरी कसोटी लागते. या निधीतील सुमारे १३,२५० चांदीच्या नाण्यांपैकी ९,००० हून अधिक क्षत्रप नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा उमटवली होती. नहपानाची मुखाकृती आणि ग्रीक अक्षरे यांवर तीन कमानींचा पर्वत व उज्जैन चिन्ह (टोकांना वर्तुळे असलेली फुली) आडवेतिडवे बसलेले दिसते. ‘राजा’ हा एकच रकाना असलेल्या सूचीत अशा नाण्याचा अर्धा इतिहास पुसला जातो. म्हणून मूळ टंकन (नाणे पाडणे) व पुनर्टंकन (त्यावर पुन्हा ठसा मारणे) यांच्या स्वतंत्र नोंदी करून त्या एकाच नोंदणी क्रमांकाखाली जोडतात.

काळाचा प्रश्न याहून बिकट आहे. नहपानाच्या काळातील लेखांत ४१ ते ४६ ही वर्षे येतात. ती शककालाची मानल्यास इ. स. ११९–१२४ हा काळ निघतो. ती अन्य गणनेतील आहेत असे मानणारे अभ्यासक नहपानाला पहिल्या शतकाच्या मध्यास नेतात. ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक सागरप्रवास-ग्रंथातील राजा मंबनोस हाच नहपान, या समीकरणाचा त्यांना आधार मिळतो. अलीकडच्या लेखनाचा कल या दुसऱ्या मताकडे झुकताना दिसतो. तरीही अभिरक्षकाने एकच आकडा निवडून दुसरा गाळणे योग्य नाही. दोन्ही कालमर्यादा, प्रत्येकीचा संदर्भ आणि संग्रहालयाने कोणती ग्राह्य धरली हे तारखेसह द्यावे, जुनी नोंदही जपून ठेवावी. पुढे मत बदलले तर कोणत्या पुराव्यावर बदलले, हे त्यामुळे शोधता येते.

प्राप्तिस्थान व वापर : नाणे कोठे, कोणत्या थरात व कशासोबत सापडले, ही माहिती नाण्याइतकीच मोलाची असते. लुटारू उत्खननाची भीती असल्यास मात्र अचूक ठिकाण सार्वजनिक नोंदीत देत नाहीत. गाव किंवा तालुका सांगून थांबतात. जुन्या खरेदीतील पुष्कळ नाण्यांचे प्राप्तिस्थान कधी नोंदलेच गेले नाही. तेथे विक्रेत्याने सांगितलेले ठिकाण ‘कथित’ अशा खुणेनेच द्यावे.

मूळ छायाचित्रांच्या फाइली संकुचित (कॉम्प्रेस) न करता जतन करतात व त्यांच्या प्रती निदान दोन ठिकाणी ठेवतात.