लाख नसलेले लॅकर : अकूस्टिक गिटारच्या पॉलिश-दुरुस्तीची पार्श्वभूमी

गिटारच्या पॉलिशचा टवका उडाला, तर तो कशाने भरायचा हे मूळ थर कशाचा आहे यावर ठरते. घोळ तिथूनच सुरू होतो. दुकानदार, कारखाने आणि जाहिराती सगळ्यांनाच ‘लॅकर’ हा एक शब्द पुरतो, आणि त्या शब्दाखाली एकमेकांशी रासायनिक नाते नसलेले चार-पाच पदार्थ गुण्यागोविंदाने नांदतात.

शब्द मूळचा आपल्याकडचाच. संस्कृतातली लाक्षा, म्हणजे आपली लखोट्यावर मोहोर उठवायची लाख, फारसी आणि पोर्तुगीज तोंडांतून फिरत युरोपात पोचली. तिथे याच शब्दाने चीन-जपानमधल्या एका झाडाच्या चिकाचाही थर ओळखला जाऊ लागला. लाख किड्याची, चीक झाडाचा, तरी नाव एकच. विसाव्या शतकात त्यात नायट्रोसेल्युलोजची (थोडक्यात ‘नायट्रो’, सेल्युलोजपासून बनवलेला कृत्रिम पदार्थ) भर पडली. त्यात लाखेचा कणही नसतो. गंमत अशी की ज्या गिटारींवर खरोखर लाख होती, त्यांना कोणी लॅकरच्या म्हणत नाही. ते ‘फ्रेंच पॉलिश’.

एकोणिसाव्या शतकातल्या स्पॅनिश गिटारी याच फ्रेंच पॉलिशच्या. स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा (लाखेच्या पातळ पापड्या) कापडी बोळ्याने पातळ-पातळ चढवायचा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांनाही हीच जुनी सामग्री, त्यामुळे मराठी कारागिराला ही दुरुस्ती परकी नाही. 100 मिलिलिटर स्पिरिटला साधारण 25 ग्रॅम चपडा, बोळ्यासाठी त्याहून पातळ. द्रावण काही दिवस स्थिर ठेवले की मेण तळाशी बसते. वरचे नितळ घ्यावे, कारण मेणासकट लाख लावून वर पीयू (पॉलियुरेथेन, एक कृत्रिम पॉलिश) चढवले तर ते सालीसारखे सुटते. द्रावण जुने झाले की लाख वाळतच नाही. काचेवर एक थेंब टाकून दुसऱ्या दिवशी नख लावून पाहावे; नखाचा ठसा उमटला तर ते द्रावण टाकून द्यावे.

नायट्रोचा इतिहास मात्र मोटारींचा आहे. 1923-24 च्या सुमारास अमेरिकी मोटार कारखान्यांनी तो फवारायला सुरुवात केली आणि आठवड्यांचे वाळवणे तासांवर आले. 1920 चे दशक संपता संपता तिथले गिटार कारखानेही बोळा सोडून स्प्रेगनकडे वळले. निर्णय वेळेचा आणि पैशाचा होता. ‘नायट्रोमुळे लाकूड श्वास घेते’ वगैरे कथा पुष्कळ नंतरच्या.

दुरुस्तीच्या दृष्टीने नायट्रोचा मोठा गुण म्हणजे नवा थेंब जुन्या थराला विरघळवून त्यात मुरतो, सांधा उरत नाही. टवका नॅफ्थाने (पेट्रोलसारख्या सफाईच्या द्रवाने) पुसून त्यात घट्ट लॅकरचा थेंब सोडायचा, वाळू द्यायचा, पुन्हा सोडायचा. दिवसाला दोन-तीन थेंब, एकूण आठ-दहा. भराव भोवतालच्या पृष्ठापेक्षा किंचित वर राहिला पाहिजे. मग दोन-तीन आठवडे हात लावायचा नाही. बहुतेक दुरुस्त्या इथेच फसतात: लवकर घासले तर महिन्याभरात भराव आकसतो आणि त्या जागी खळी पडते. पावसाळ्यात आणखी एक भोग. थिनर (लॅकर पातळ करणारा द्रव) उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि थर दुधाळ होतो. रिटार्डर (थिनर सावकाश उडू देणारा द्रव) घालून किंवा कोरडा दिवस बघूनच हे टळते. शिवाय नायट्रो पिवळा पडतो, थंडीच्या झटक्याने त्याला तडे जातात आणि व्हिनाइलच्या पट्ट्याला किंवा स्टँडच्या गादीला टेकून राहिला तर चिकट होतो. तो डाग वरवर पुसून जात नाही, थरच बिघडलेला असतो.

आता वादाचा मुद्दा. 1950 ते 1970 च्या दशकांत जुनी गिटार मान बसवायला किंवा तडा जोडायला गेली की खुद्द कारखान्यांचे दुरुस्ती विभाग तिच्यावर सर्रास नवे लॅकर फवारून परत पाठवत. गिऱ्हाइकाला चकाकी हवी होती, आणि जुनी गिटार म्हणजे तेव्हा फक्त जुनी गिटार होती. पुढे संग्राहकांचा बाजार उभा राहिला आणि हीच फवारणी नुकसान ठरली. पूर्ण खरवडून नव्याने रंगवलेल्या वाद्याची किंमत तर सर्वसाधारणपणे निम्म्यावर येते. किंमत बाजूला ठेवली तरी तो निर्णय चुकीचाच होता. फवारण्याआधी जुना थर घासला जाई, म्हणजे मूळ पॉलिशचा पुरावाच जाई. खाली लाख आणि वर नायट्रो असे सँडविच तयार झाले की थर ओळखायची स्पिरिटची चाचणी (ती पुढे दिली आहे) फसवते. अशा वेळी अंधारात अतिनील दिवा धरावा. लाख नारिंगी चमकते, जुना नायट्रो हिरवट-पिवळा. ठिगळे वेगळी उठून दिसतात.

साधी चाचणी अशी. खुंटीच्या वॉशरखाली किंवा पट्ट्याच्या बटणाखाली, जिथे कोणी बघणार नाही, तिथे कापसाच्या काडीने स्पिरिट लावायचे. काही सेकंदांत चिकट झाले तर लाख. नायट्रोही स्पिरिटने किंचित मऊ होतो, पण लाखेइतका पटकन नाही. थिनरने मात्र विरघळतो. दोन्हींना दाद दिली नाही तर पॉलिएस्टर किंवा पीयू.

हे दोन्ही 1960 च्या दशकात आले, आधी जाड, 0.3 ते 0.5 मिलिमीटरपर्यंत. 1990 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या कारखान्याने अतिनील प्रकाशात क्षणांत पक्का होणारा पॉलिएस्टर अकूस्टिकवर आणला आणि पाठोपाठ इतर वळले. हा थर कशातही परत विरघळत नाही, म्हणून इथे थेंब मुरत नाही, नुसता चिकटतो. भरावासाठी पातळ सुपर ग्लू वापरतात. टवक्याच्या कडेला उचकटलेली पांढरी खपली असेल तर आधी त्याखालीच एक थेंब झिरपू द्यावा, कड पुन्हा पारदर्शक होते. खड्डा दोन-तीन थेंबांत भरावा. लवकर सुकावे म्हणून अ‍ॅक्सिलरेटरचा फवारा जास्त मारला तर गोंद उकळल्यासारखा फेसाळतो आणि पांढरा ठिपका कायमचा आत राहतो. मग दाढीच्या ब्लेडच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळायची, म्हणजे मधली धार फक्त उंचवटा खरवडते. त्यानंतर 800, 1200, 2000 चा वॉटर पेपर आणि मोटारींचे रबिंग कंपाउंड.

आपल्या रंगाच्या दुकानात लॅकर मागितले तर एनसी (म्हणजे नायट्रोसेल्युलोज), मेलामाइन (आणखी एक कृत्रिम पॉलिश) किंवा पीयू यांपैकी काहीही हातात पडू शकते. डब्यासोबत हार्डनरची (थर पक्का करणाऱ्या द्रव्याची) वेगळी बाटली आली तर ते नायट्रो नव्हे. तेच चुकून जुन्या नायट्रोवर फवारले तर त्याच्या तीव्र थिनरने खालचा थर फुगतो आणि सुरकुततो. नव्या गिटारींत उलट अडचण आहे: थर 0.15 मिलिमीटरच्या आसपास आला, ब्लेडचा हात जरा जड पडला की खाली थेट स्प्रूस (गिटारच्या पुढच्या फळीचे मऊ लाकूड) लागते, आणि स्प्रूसवर उमटलेला ओरखडा कुठल्याच लॅकरने भरून निघत नाही.