फार कडेने सायकल चालवू नका

पोरांच्या हातात सायकल दिली की घरोघरी पहिली सूचना ठरलेली, ‘कडेकडेने जा, सांभाळून.’ तिच्यामागे धास्ती असते ती मागून येणाऱ्या गाडीची. शहरातल्या गर्दीत मात्र संकट समोरून आणि बाजूनेही येतं. गल्लीच्या तोंडाशी, चौकात, उभ्या गाडीच्या दारातून. आणि तिथे कडेला अगदी चिकटून चालणाराच जास्त अडचणीत सापडतो.

याचं एक कारण डोळ्यात आहे. हात समोर ताठ करून अंगठ्याच्या नखाकडे बघा. साधारण तेवढ्याच, म्हणजे २ अंशांच्या आसपासच्या भागात आपल्याला बारकाईने दिसतं. त्याबाहेरचं अंधुक असतं. तसं जाणवत नाही, कारण डोळा सेकंदाला तीनेकदा उडी मारतो आणि मेंदू ते तुकडे जोडून सलग चित्र उभं करतो. प्रत्यक्ष उडी चालू असताना दिसणारं तो जवळजवळ दाबूनच टाकतो. आता गल्लीतून मुख्य रस्त्यावर येणारा स्कूटरवाला घ्या. तो उजवीकडे नजर टाकतो ती बस आणि मोटारी जिथून येतात तिथे, रस्त्याच्या मध्यावर. सायकलवाला कोपऱ्यावरच्या टेम्पोआड, कडेला. समोरून बघितला तर त्याची रुंदी जेमतेम ६० सेंटिमीटर. २० मीटरवरून तो अंगठ्याआड झाकला जातो, आणि ताशी १८ किलोमीटरने हे २० मीटर ४ सेकंदांत संपतात. धडक झाल्यावर ‘बघितलं होतं हो, पण दिसलाच नाही’ असं स्कूटरवाला म्हणतो, तेव्हा तो दर वेळी थाप मारत नसतो.

शिवाय धडकेच्या मार्गावर असलेल्या दोन वाहनांची एक गंमत असते (गंमत म्हणायचं आपलं). दोघंही सरळ रेषेत आणि आपापला वेग न बदलता येत असतील, तर एकाला दुसरा सतत त्याच दिशेला दिसतो, सरकत नाही. कडेच्या नजरेला हालचाल चटकन कळते, न सरकणारा ठिपका कळत नाही. त्यातून मोटारीच्या काचेशेजारच्या खांबाआड सायकल गेली, तर शेवटपर्यंत तिथेच राहू शकते. म्हणून जिथे नजर आपसूक पडते तिथे असावं. कडेपासून साधारण मीटरभर आत, सरळ रेषेत. मागून हॉर्न वाजतो, वाजू द्या. निदान त्याने तुम्हाला बघितलंय.

दुसरं कारण खुद्द सायकलीत आहे. उजवीकडे वळायचं तर ती आधी उजवीकडे कलावी लागते, आणि कलावी म्हणून पुढचं चाक क्षणभर डावीकडे फिरतं. हे आपण इतक्या नकळत करतो की खोटं वाटतं. विमानवाल्या राइट बंधूंचा विमानाआधीचा धंदा सायकलींचा. त्यातल्या विल्बरने अनेक सायकलवाल्यांना तुम्ही वळता कसं म्हणून विचारलं, तर कोणालाच बरोबर सांगता आलं नाही. आता डावीकडे फुटपाथची कड असेल, किंवा डांबर संपून साइडपट्टी वीतभर खाली गेलेली असेल, तर चाक डावीकडे जाणार कुठे? समोरचा खड्डा चुकवायला घाईने हँडल उजवीकडे ओढलं की तोल जातो डावीकडे. कडेला चिकटलेल्या सायकलीला दोन्ही बाजू बंद होतात.

उभ्या मोटारींची रांग असेल तर मीटरभर अंतर मोजायचं ते त्यांच्यापासून, आणि जमेल तर थोडं जास्तच. दार पूर्ण उघडलं की जवळपास तेवढी जागा खातं. ताशी १५ किलोमीटरच्या वेगात, दार उघडलं हे कळून हात ब्रेकवर जाईपर्यंतच आपण ४ मीटर पुढे गेलेलो असतो. आपल्याकडे चालक उजव्या अंगाला बसतो, म्हणजे त्याचं दार वाहत्या रस्त्यातच उघडतं. नेदरलँड्समध्ये दार लांबच्या हाताने उघडायची सवय लावतात. इथे चालकाने डाव्या हाताने उघडलं तर खांदा वळतो आणि नजर आपोआप मागे जाते. दोन मोटारींमध्ये मोकळी जागा दिसली की आत शिरायचं आणि पुढे पुन्हा बाहेर यायचं, हेही नको. मागच्याच्या लेखी तुम्ही दर वेळी अचानक उगवता. थांबलेल्या रिक्षाला डावीकडून ओलांडणं तर साफ चूक, कारण प्रवासी तिकडूनच उतरतात. सिग्नलला ट्रकच्या डाव्या अंगालाही उभं राहू नये. तो डावीकडे वळताना त्याची मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून जातात.

रात्रीचं गणित वेगळं आहे. चकचकीत पोपटी जॅकेटचा रंग दिवसा उठून दिसतो तो सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांमुळे. अंधारात तो भपका ओसरतो. तिथे दिवा लागतो, आणि प्रकाश परतवणारी पट्टी. ती लावायची घोट्याला. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहानसन यांनी १९७३ साली दाखवून दिलं की काळोखात माणसाच्या सांध्यांवरचे मोजके ठिपके हलताना दिसले, तरी बघणारा क्षणात ‘माणूस चाललाय’ हे ओळखतो. पेडलवर वरखाली होणारे घोटे नेमकं तेच करतात.

हे सगळं शहरातल्या ३०-४०च्या वेगाचं झालं. हायवेवर मोटार ८० ने येते आणि तुम्ही १५ ने जात असता. वेगातला फरक सेकंदाला १८ मीटर, म्हणजे ५० मीटरवर नजर पडली तरी चालकाच्या हातात ३ सेकंदसुद्धा नाहीत. तिथे डांबरी साइडपट्टी असेल तर तीच धरावी, नसेल तर आतला गावातला रस्ता शोधावा, चार किलोमीटर जास्त पडले तरी.