अक्षांश-रेखांश, पण कुठल्या डेटमवरचे?

गिझाच्या मोठ्या पिरॅमिडचा अक्षांश 29.9792458 अंश उत्तर आणि प्रकाशाचा वेग सेकंदाला 29,97,92,458 मीटर, असा एक संदेश अधूनमधून फिरत येतो. खाली उद्गारचिन्हांची रांग. ही अक्षांशरेषा पिरॅमिडवरून जाते हे खरंच आहे. पण अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण 111 किलोमीटर, त्यामुळे दशांश चिन्हानंतरचा सातवा अंक जेमतेम एका सेंटीमीटरचा. पिरॅमिडची एक बाजू आहे 230 मीटर! दक्षिण कडेपासून उत्तर कडेपर्यंत चालत गेलात तर तिसराच अंक दोनाने बदलतो; पुढचे चार अंक ज्याला हवे तसे मिळतात. मीटर हे माप तर फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातलं.

एवढं कोणीही सांगेल. मला खटकतं ते हे, की सात-सात अंक लिहिणारा माणूस हा अक्षांश कुठल्या डेटमवरचा, म्हणजे मोजणीच्या कुठल्या चौकटीतला, ते लिहीत नाही.

अक्षांश-रेखांशांचे आकडे खऱ्या, खडबडीत पृथ्वीवरून थेट येत नाहीत. आधी ध्रुवांपाशी किंचित चपटा, गुळगुळीत असा एक गणिती आकार मानावा लागतो. तो एलिप्सॉइड. जीपीएस ज्या डब्ल्यूजीएस 84 या जागतिक व्यवस्थेवर चालतं, त्याची विषुववृत्तीय त्रिज्या 63,78,137 मीटर आहे आणि ध्रुवीय त्रिज्या त्याहून सुमारे 21 किलोमीटरने कमी. हा आकार खऱ्या पृथ्वीवर कुठे आणि कसा बसवायचा, केंद्र कुठे धरायचं, शून्य रेखांश कुठून मोजायचा, हे सगळं ठरवतो तो डेटम. एकोणिसाव्या शतकातल्या सर्वेक्षकांना पृथ्वीचं केंद्र हाती लागणं शक्य नव्हतं. त्यांनी आपापल्या प्रदेशाला बसेल असा एलिप्सॉइड घेतला: ब्रिटनमध्ये खगोलशास्त्रज्ञ एअरीचा, भारतात सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्टचा, अमेरिकेत क्लार्कचा. एव्हरेस्टच्या एलिप्सॉइडची विषुववृत्तीय त्रिज्या आजच्यापेक्षा जवळपास 860 मीटरने कमी आहे. आपापल्या मुलखात हे सगळे चोख चालले. पण एकाच दगडाचे आकडे दोन डेटमवर काढले तर कधी काही मीटर, कधी शेकडो मीटर फरक पडतो, आणि दगड तर हललेला नसतो.

ग्रीनिचच्या वेधशाळेत शून्य रेखांशाची रेषा आखलेली आहे. दोन गोलार्धांत एकेक पाय ठेवून लोक फोटो काढतात. तिथे मोबाइल मात्र शून्य दाखवत नाही. त्यासाठी 102 मीटर पूर्वेला, बागेत जावं लागतं. मोबाइल चुकत नाही आणि रेषा आखणारेही चुकले नव्हते. फरक ओळंब्याचा आहे.

1884 साली वॉशिंग्टनच्या परिषदेत एअरीच्या दुर्बिणीतून जाणारी रेषा शून्य ठरली. ही दुर्बीण ताऱ्यांचे वेध घेई, आणि तिच्यासाठी ‘सरळ वर’ म्हणजे कुठे, हे पाऱ्याच्या संथ पृष्ठभागावरून ठरे. द्रवाचा पृष्ठभाग तिथल्या गुरुत्वाकर्षणाला काटकोनात राहतो. पण जमिनीखाली वस्तुमान सारखं पसरलेलं नसतं, त्यामुळे ओळंबा किंचित कलतो. (पृथ्वी चपटी असल्यानेही तो केंद्राकडे रोखलेला नसतो, पण तो फरक उत्तर-दक्षिण असतो, रेखांशाला बाधतो तो पूर्व-पश्चिम कल.) ग्रीनिचच्या या कललेल्या ओळंब्यातून पृथ्वीच्या अक्षाला समांतर असं एक प्रतल काढलं, तर ते केंद्राच्या थोडं बाजूने जातं. उपग्रह मात्र पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्राभोवती फिरतात, म्हणून त्यांच्या हिशेबात शून्याचं प्रतल केंद्रातूनच जायला हवं. 1980च्या दशकात नवी व्यवस्था बसवताना ताऱ्यांवरून मोजलेल्या वेळेत उडी पडू नये याची काळजी घेतली गेली. म्हणजे प्रतलाची दिशा तीच ठेवली आणि ते नुसतं बाजूला सरकवून केंद्रावर आणलं. दोन्ही प्रतलं समांतर, मधलं अंतर 102 मीटर. कोनात मोजलं तर रेखांशाचे जेमतेम सव्वापाच सेकंद (एक सेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग).

जीआयएसमध्ये, म्हणजे संगणकावर नकाशांचे थर एकमेकांवर ठेवणाऱ्या प्रणालीत, नद्यांचा थर एका डेटमवर आणि रस्त्यांचा दुसऱ्यावर असेल तर रस्ता बिनदिक्कत नदीपात्रातून जाताना दिसतो. सॉफ्टवेअर रूपांतर करून देतं, पण फाइलमध्ये डेटमची नोंद असेल तरच. अशी नोंद ईपीएसजी नावाच्या यादीतल्या कोडने करतात; 4326 हा कोड दिसला तर आकडे डब्ल्यूजीएस 84 चे अक्षांश-रेखांश आहेत. कोडच नसेल तर आकड्यांकडे नुसतं पाहून काही कळत नाही.

उंचीलाही डेटम लागतो. राइन नदीवर लाउफेनबुर्गला जर्मनी आणि स्वित्झर्लंड दोन्हीकडून पूल बांधत होते. जर्मन उंची अॅमस्टरडॅमच्या समुद्रपातळीवरून, स्विस मार्सेच्या. दोन्हींत 27 सेंटीमीटरचा फरक, आणि तो सगळ्यांना ठाऊक होता. दुरुस्तीही केली, पण चिन्ह उलटं लागलं आणि फरक 54 सेंटीमीटर झाला.

आणि दगड हलला नाही असं मी वर म्हटलं, तेही फार काळ खरं नाही. ऑस्ट्रेलिया वर्षाला सुमारे 7 सेंटीमीटर ईशान्येकडे सरकते. तिथल्या डेटमने आकडे 1994च्या स्थितीवर गोठवले होते. 2020पर्यंत सगळा खंड त्या आकड्यांपासून 1.8 मीटर पुढे निघून गेला, म्हणून नवा डेटम आणावा लागला. हॉटेल शोधणाऱ्याला यातलं काही जाणवणार नाही. उपग्रहाच्या भरवशावर चालणारा विनाचालक ट्रॅक्टर मात्र जुन्या आकड्यांवर सोडला, तर शेजारच्या ओळीतलं उभं पीक तुडवत जाईल.