जठरातला पॉलिप: जंतूमुळे येणारा आणि जंतू नसताना येणारा

मिरजेला दुर्बिणीची तपासणी करून घ्यायला जतपासून पार विजापूरपर्यंतची माणसं येतात. मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांनी 1894 मध्ये इथे मिशनचा दवाखाना उभा केला, तेव्हापासून उपचारांसाठी मिरजेला यायची ही वहिवाट. रिपोर्टात ‘जठरात पॉलिप’, म्हणजे आतल्या अस्तरावर उगवलेली वाढ, असं दिसलं की घरचे पहिल्यांदा कॅन्सरचं विचारतात. खरं तर आधी विचारायला हवं ते हे, की पॉलिप कुठल्या जातीचा आणि जठरात एच. पायलोरी नावाचा जंतू आहे का. हे दोन प्रश्न एकमेकांना जोडले जायला शंभराहून जास्त वर्षं लागली.

जठरातल्या अशा वाढींचं वर्णन फ्रान्समध्ये मेनेत्रिए यांनी 1888 मध्येच केलं होतं. पण जिवंत माणसाच्या जठरात नीट डोकावता येऊ लागलं ते हिर्शोविट्झ यांची लवचिक काचतंतूंची दुर्बीण 1957 मध्ये आली तेव्हापासून. पॉलिप दिसू लागले, ते कशाने होतात हे मात्र कळेना. जठराला जुनी सूज असते तिथे ते उगवतात, एवढंच लक्षात येत होतं. ती सूज कशाची? तिखट, दारू, काळजी, वय, जे सुचेल ते.

जंतूचं नाव कोणी काढायचं नाही, कारण इतक्या तीव्र आम्लात जंतू तगेलच कसा, ही पक्की समजूत. तिला 1954 मध्ये अमेरिकेत पामर यांनी आणखी बळ दिलं. हजाराहून जास्त लोकांच्या जठराचे तुकडे तपासून त्यांनी सांगितलं, इथे जंतू राहत नाही. जंतू होताच, पण त्यांनी वापरलेल्या नेहमीच्या रंगात तो चटकन नजरेत भरत नाही. पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरन यांनी 1979 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थला चांदीचा रंग वापरला आणि सूज असलेल्या अस्तरावर वळणदार जंतूंच्या रांगाच दिसल्या. डॉक्टर बॅरी मार्शल त्यांच्या जोडीला आले. जंतू काचेच्या बशीत वाढेना. दोन दिवसांनी बश्या टाकून द्यायची पद्धत होती. 1982 च्या ईस्टरला सुट्टीमुळे बश्या तशाच राहिल्या आणि तो वाढला. मार्शल यांनी 1984 मध्ये जंतूंचं पाणी स्वतः प्यायलं, ही गोष्ट सगळे सांगतात. त्यातून त्यांना अल्सर झाला असंही बिनदिक्कत सांगतात. अल्सर झाला नव्हता, जठराला सूज आली होती. मला स्वतःला मार्शलच्या पेल्यापेक्षा पामर यांचे हजार तुकडे जास्त बोलके वाटतात. 1994 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या जंतूला कॅन्सरकारक ठरवलं. वॉरन आणि मार्शल यांना नोबेल मिळालं 2005 मध्ये.

पॉलिपचा धागा जपानमध्ये जुळला. हायपरप्लास्टिक नावाचा पॉलिप म्हणजे सुजलेलं अस्तर वर्षानुवर्षं झिजत राहतं आणि भरून येताना गरजेपेक्षा जास्त भरतं, त्याचा उंचवटा. मग जंतूच मारला तर? 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काही रुग्णांना औषध दिलं, काहींना दिलं नाही. औषधाने जंतू गेलेल्या 15 जणांपैकी 12 जणांचे पॉलिप काही महिन्यांत नाहीसे झाले, कात्री न लावता. औषध न घेतलेल्यांचे होते तसेच राहिले.

दुसरी जात मात्र बरोबर उलटी वागते. फंडिक ग्लँड पॉलिप सहसा निरोगी, जंतू नसलेल्या जठरात येतात. पित्ताची गोळी, म्हणजे ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ते जास्त दिसतात. पाश्चात्त्य देशांत जंतू कमी झाला, गोळ्या वाढल्या आणि तिथे आता हीच जात सर्रास सापडते. आपल्याकडे जंतू लहानपणीच शिरतो, आणि ‘पित्त झालंय’ म्हटलं की मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय गोळीची पट्टी काढून देतो. त्यामुळे दोन्ही जातींना इथे जागा आहे.

म्हणूनच पॉलिपचा तुकडा आणि आजूबाजूच्या अस्तराचाही तुकडा पॅथॉलॉजीला गेला पाहिजे. दुर्बिणीच्या खोलीतच होणाऱ्या तपासणीत अस्तराचा कण पिवळ्या जेलमध्ये टाकतात. जंतू युरियापासून अमोनिया करतो, त्यामुळे जेल गुलाबी होतं. पित्ताची गोळी चालू असेल तर जंतू असूनही ते पिवळंच राहू शकतं, म्हणून डॉक्टर शक्य असेल तेव्हा गोळी दोन आठवडे आधी थांबवतात.

हायपरप्लास्टिक निघाला आणि जंतू सापडला, तर आधी जंतूचा कोर्स आणि मग पुन्हा दुर्बीण. पॉलिप एक सेंटिमीटरहून मोठा असेल किंवा त्यातून रक्त जाऊन हिमोग्लोबिन उतरत असेल, तर तो काढतात. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जंतू गेला का, हे पाहावं लागतं. फंडिक ग्लँडचे लहान, मोजके पॉलिप असतील तर बहुधा काही करावं लागत नाही. गोळीची गरज खरंच उरली आहे का, एवढं डॉक्टरांना विचारावं. मात्र गोळी न घेणाऱ्या तरुण माणसाच्या जठरात ते ढिगाने दिसले, तर मोठ्या आतड्याचीही दुर्बीण करतात, कारण घराण्यात चालणाऱ्या आतड्याच्या पॉलिपच्या आजारातही जठर असंच दिसतं.