प्रतिकृती रेल्वेची भूदृश्यरचना

ठरावीक प्रमाणात लहान केलेल्या रेल्वेच्या मांडणीवर रुळांभोवतीची जमीन, खडक, पाणी, झाडेझुडपे, रस्ते, इमारती आणि माणसांचा वावर यांचे विश्वसनीय रूप उभे करण्याच्या कौशल्याला भूदृश्यरचना म्हणतात. एंजिने आणि डबे कितीही बारकाईने घडवलेले असले, तरी उघड्या फळीवरून धावताना ते खेळण्यातलेच वाटतात. गाडी कोणत्या प्रदेशातून जात आहे आणि तिथे तिची गरज का आहे, हे भोवतालची जमीन सांगते. प्रत्यक्षात जमीन आधीपासून असते आणि रेल्वे नंतर येते. ती डोंगराला वळसा घालते, ते न जमल्यास त्यातून खोदून वाट काढते, ओढ्यावर मोरी बांधते, सखल भागात भराव टाकते. मांडणीवर हा क्रम उलटा होतो : रूळ आधी बसतात आणि जमीन त्यांच्या मागून येते. हा उलटा क्रम पाहणाऱ्याला जाणवू न देणे हे या कलेचे मूळ काम असून पुढे वर्णिलेल्या बहुतेक पद्धती त्याच हेतूने घडत गेल्या आहेत.

जर्मनीतील मेर्कलिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या व्यापारी मेळ्यात चावीवर चालणारी गाडी आणि एकमेकांना जोडता येणारे रूळ मांडले. त्या काळातील स्थानके, सिग्नल आणि पूल रंगवलेल्या पत्र्याचे असत व ते गाडीच्या मापाशी जुळावेत अशी कोणाची अपेक्षा नसे. इंग्लंडमध्ये १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात जॉन अहर्न यांनी ‘मॅडर व्हॅली’ ही काल्पनिक रेल्वे उभारायला घेतली आणि तिच्यात गावे, रस्ते व टेकड्या यांना रुळांइतकेच स्थान दिले. ही मांडणी आज ऑक्सफर्डशरमधील पेंडन संग्रहालयात जतन केलेली आहे. रॉय इंग्लंड यांनी १९५४ मध्ये स्थापन केलेल्या या संग्रहालयाने १९३० च्या सुमारास ‘व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स’ या खोऱ्यातील खेडी कशी दिसत होती, ते १:७६ या प्रमाणात उभे करण्याचे काम हाती घेतले. तेथील घरांच्या भिंती पुठ्ठ्याच्या असून विटा व दगड हाताने रंगवलेले आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे जॉन ॲलन या व्यावसायिक छायाचित्रकाराने ‘गॉरी अँड डिफीटेड’ ही एचओ मापाची (१:८७ प्रमाणातील) डोंगराळ मांडणी घडवली. जमिनीपासून छतापर्यंत चढत जाणारे कडे, दृश्य दुप्पट खोल भासवण्यासाठी लावलेले आरसे आणि झिजलेल्या, गंजलेल्या इमारती ही तिची वैशिष्ट्ये होती. जानेवारी १९७३ मध्ये ॲलन यांचे निधन झाले आणि त्यानंतर काही दिवसांतच आगीत ती मांडणी नष्ट झाली. छायाचित्रांच्या रूपाने मात्र तिचा प्रभाव टिकून आहे. हँबर्गमध्ये २००१ साली उघडलेले ‘मिनियाटूर वुंडरलँड’ हे १:८७ प्रमाणातील प्रदर्शन आज या क्षेत्रातील सर्वांत मोठ्या निर्मितींपैकी एक असून त्याच्या स्कँडिनेव्हिया विभागात जहाजे खऱ्या पाण्यावर चालतात.

प्रमाण आणि त्याच्या मर्यादा : सर्वाधिक प्रचलित असलेल्या एचओ मापाचे प्रमाण १:८७ आणि रुळांमधील अंतर १६.५ मिमी. असते, एन मापासाठी हेच आकडे १:१६० आणि ९ मिमी. असे आहेत. १.७ मी. उंचीचा माणूस एचओ मापात जेमतेम २ सेंमी. भरतो, तर २ मी. उंचीचा दरवाजा २३ मिमी.चा होतो. एवढ्यापर्यंत प्रमाण पाळणे सोपे असते. अडचण लांब-रुंद गोष्टींची येते. ५०० मी. लांबीचा फलाट १:८७ ने लहान केला, तरी तो पावणेसहा मीटर लांब होतो, आणि एवढी भिंत फार थोड्या खोल्यांना असते. म्हणून फलाट, कारखाने आणि गावे यांची लांबी आखडती घ्यावी लागते. हे आखडणे निवडक असावे लागते. बारा खिडक्यांच्या इमारतीला सात खिडक्या दिल्या तर कोणाचे लक्ष जात नाही, परंतु तिच्या दारांची किंवा मजल्यांची उंची कमी केली तर शेजारी उभी असलेली माणसे लगेच ते उघडे पाडतात. रेल्वेच्या वळणांची गोष्ट अधिक अवघड आहे. एचओ मांडणीवरील ६० सेंमी. त्रिज्येचे वळण खऱ्या मापात केवळ ५२ मीटरचे होते, आणि मुख्य मार्गावर इतके तीव्र वळण कोणताही अभियंता घेणार नाही. अशा ठिकाणी भूदृश्याने रुळांच्या मदतीला यावे लागते : वळणाच्या आतल्या बाजूला टेकाड, दाट झाडी किंवा इमारत आणली, की रुळांना वळावे लागण्याचे कारण मिळते आणि पूर्ण वळण एका दृष्टिक्षेपात दिसतही नाही.

भूप्रदेशाची घडण : जमीन केवळ फळीच्या वर चढत गेली, तर मांडणी मेजावर ठेवलेली वाटते; ती रुळांच्या पातळीखालीही उतरली पाहिजे. त्यामुळे सलग फळीऐवजी उघड्या लाकडी चौकटीवर रुळांपुरत्या पट्ट्या उचलून धरण्याची पद्धत दऱ्याखोऱ्यांच्या मांडणीस अधिक सोयीची ठरते. भूप्रदेशाचा सांगाडा पुठ्ठ्याच्या विणलेल्या पट्ट्यांचा किंवा तारेच्या जाळीचा करून त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेले कागदी टॉवेल पसरण्याची रीत अमेरिकेत लिन वेस्टकॉट यांनी रूढ केली; कठीण प्रकारचे प्लास्टर वापरल्यास हे कवच पातळ असूनही स्वतःचा भार पेलते. अलीकडे थर्माकोलसारख्या पॉलिस्टायरीन फोमच्या जाड पाट्या एकावर एक चिकटवून त्या सुरीने किंवा तापलेल्या तारेने कोरण्याकडे कल आहे. फोम हलका असतो आणि त्यात झाड किंवा खांब नुसता टोचून उभा करता येतो. मात्र तीव्र द्रावक असलेले गोंद आणि फवारणीचे रंग त्याला विरघळवतात, म्हणून पाण्यात मिसळणारे गोंद व रंगच वापरावे लागतात; कापताना निघणाऱ्या धुरासाठी खोलीत हवा खेळती असणेही गरजेचे असते.

उतार ठरवताना निसर्गाकडे पाहणे हाच खात्रीचा मार्ग आहे. सुट्या मातीचा भराव साधारणपणे दीड मीटर आडव्या अंतरात एक मीटर चढतो. त्याहून उभा उतार दाखवायचा असेल, तर तिथे खडक किंवा दगडी संरक्षक भिंत असावी लागते. नवशिक्यांच्या मांडणीतील डोंगर खोटे वाटतात, ते रंगामुळे कमी आणि या उभ्या, निराधार उतारांमुळे अधिक. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा असल्यास एचओ मापात खालच्या रुळापासून सुमारे साडेसात सेंटिमीटर उंची मोकळी ठेवावी लागते. शेकडा दोनच्या चढाने तेवढे चढण्यासाठीच पावणेचार मीटर अंतर लागते व पुलाची जाडी त्यात वेगळी मिळवावी लागते, त्यामुळे डोंगर कुठे असेल हे बहुधा चढच ठरवतो. बोगद्याची तोंडे बसवण्यापूर्वी सर्वांत लांब डबा वळणावरून ढकलून पाहावा लागतो. अमेरिकेत १९३५ मध्ये स्थापन झालेली एनएमआरए आणि युरोपातील मोरोप या प्रतिकृती रेल्वेच्या छंदिष्टांच्या संघटनांनी अशा मोकळ्या जागेची प्रमाणित मापे ठरवून दिली आहेत. डोंगराच्या पोटात गाडी घसरली, तर हात पोहोचेल असे दार मागून किंवा खालून ठेवावेच लागते.

खडकांसाठी रबरी साच्यांत प्लास्टर ओतून मिळालेले तुकडे उतारावर बसवतात. खऱ्या खडकावर किंवा कोळशाच्या ढेकळावर लॅटेक्सचे (द्रव रबराचे) थर देऊन असा साचा घरीही करता येतो. शेजारच्या दोन तुकड्यांतील थरांची दिशा मात्र जुळली पाहिजे; एक थर आडवा आणि लगतचा उभा असा खडक भूशास्त्राला मान्य नसतो आणि भूशास्त्र न शिकलेल्या डोळ्यालाही तो खटकतो. पांढऱ्या प्लास्टरवर पातळ मातकट रंगांचे ठिपके देऊन ते एकमेकांत मिसळू द्यावेत, मग काळसर पाणी भेगांत उतरू द्यावे आणि शेवटी कोरड्या कुंचल्याने कंगोऱ्यांना फिकट रंग लावावा. या तीन टप्प्यांत खडकाला खोली येते.

खडी, गवत आणि झाडे : रुळांखालची खडी हा मांडणीचा सर्वांत जवळून पाहिला जाणारा भाग आहे. खऱ्या खडीचे दगड सुमारे २५ ते ६० मिमी. असतात, म्हणजे एचओ मापात ते ०.३ ते ०.७ मिमी. भरतात. बाजारात मिळणारी खडी अनेकदा याहून जाड असते, म्हणून ती चाळून घेणे हिताचे. रुळांच्या बाजू आधी गंजाच्या रंगाने रंगवतात, मग खडी कोरडीच पसरून मऊ कुंचल्याने स्लीपरांमध्ये सारखी करतात. त्यानंतर पाण्यात निम्म्याने किंवा त्याहून अधिक पातळ केलेला पांढरा पीव्हीए गोंद ड्रॉपरने सोडतात. पाण्याच्या पृष्ठताणामुळे गोंदाचा थेंब खडीवर गोळा होऊन बसतो आणि खड्यांना उधळून लावतो. त्यासाठी खडी आधी साबणाचा थेंब घातलेल्या पाण्याने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवतात, म्हणजे गोंद तळापर्यंत झिरपतो. गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या सांध्यांच्या हलत्या पट्ट्यांजवळ गोंदाचा थेंबही पडू देता कामा नये. गोंद वाळण्यापूर्वी रुळांचा माथा पुसून काढावा लागतो, नाहीतर विजेचा संपर्क तुटतो.

जमिनीवर प्रथम मातीच्या रंगाचा लेप, त्यावर चाळलेली माती आणि मग वेगवेगळ्या छटांची फोमची भुकटी असे थर येतात. पूर्वी त्यासाठी रंगवलेला लाकडाचा भुसा वापरत. गवतासाठी स्थिर विद्युत वापरण्याची पद्धत रूढ झाल्यापासून या कामाचे रूप पालटले. उपकरणाच्या जाळीला उच्च विद्युतदाब दिलेला असतो आणि त्याचे दुसरे टोक ओल्या गोंदात रोवलेल्या खिळ्याला जोडतात. त्यामुळे जाळीतून पडणारे नायलॉनचे तंतू गोंदात उभेच रुततात. ४ मिमी. तंतू एचओ मापात सुमारे ३५ सेंमी. उंचीचे गवत होते, म्हणून मोकळ्या रानाला तो शोभतो, राखलेल्या हिरवळीला २ मिमी.चा तंतू पुरे होतो. एकाच लांबीचे, एकाच हिरव्या रंगाचे गवत सर्वत्र पसरल्यास गालिचा अंथरल्यासारखे दिसते. पिवळट, तपकिरी व हिरवे तंतू मिसळून आणि पायवाटा मोकळ्या सोडून हा दोष टाळता येतो. झाडांच्या बाबतीत सर्वांची तडजोड सारखीच असते. २० मी. उंचीचे झाड १:८७ मध्ये २३ सेंमी. होते, आणि तशी पाच झाडे लावली की गाडी त्यांच्यापुढे खुजी दिसते, म्हणून बहुतेक मांडण्यांवरील झाडे प्रमाणापेक्षा बुटकी असतात. पिळलेल्या तारांची किंवा वाळलेल्या बारीक काटक्यांची खोडे करून त्यांवर फोमची पालवी चिकटवतात. पुढच्या ओळीत थोडी सुबक झाडे आणि मागे साध्या गोळ्यांची दाटी एवढ्याने जंगल उभे राहते.

पाण्यासाठी तळ आधी रंगवतात, मध्यभागी गडद आणि काठाकडे मातकट, कारण खोलीचा आभास रंगातून येतो, वर ओतलेल्या थराच्या जाडीतून नव्हे. त्यावर इपॉक्सी राळ पातळ थरांनी ओततात. एकदम जाड थर दिल्यास ती घट्ट होताना फार तापते आणि तडकू शकते. तळाला सुईएवढे छिद्र राहिले असेल, तर राळ रात्रीतून जमिनीवर उतरते.

इमारती : तयार संच हा सर्वांत सोपा मार्ग होय. जर्मनीत १९४६ मध्ये सुरू झालेल्या फालर कंपनीने प्लास्टिकच्या संचांचे मोठे दालन उघडले. पुठ्ठ्याचे आणि लेझरने कापलेल्या लाकडाचे संचही लोकप्रिय आहेत. एकच संच असंख्य मांडण्यांवर दिसू लागतो, म्हणून अनुभवी लोक दोन-तीन संचांचे भाग कापून त्यांतून तिसरीच इमारत जुळवतात, किंवा पॉलिस्टायरीनचे पत्रे, लाकडी पट्ट्या व त्रिमितीय मुद्रणातून मिळालेल्या खिडक्या घेऊन ती मुळापासून बांधतात. कोणती इमारत ठेवायची, हा प्रश्न ती कशी बांधायची यापेक्षा महत्त्वाचा आहे. मालधक्का, पिठाची गिरणी, कोळशाची वखार यांच्यामुळे बाजूच्या रुळावर डबे का जातात ते कळते. पाण्याची टाकी आणि राखेचा खड्डा वाफेच्या एंजिनांचा काळ सांगतात, म्हणून डिझेलच्या काळातील मांडणीवर ती ठेवायचीच असली, तर पडीक अवस्थेत ठेवावीत. जागा अपुरी असेल तिथे केवळ दर्शनी भिंत आणि इंच-दोन इंच खोलीची इमारत मागच्या पडद्याला टेकवतात.

इमारत जमिनीवर ठेवलेली न वाटता जमिनीतून वर आलेली वाटावी, यासाठी पाया थोडा खाली रुतवून भिंतीच्या तळाशी माती, गवत आणि चिखलाचे शिंतोडे आणतात. हे काम काही मिनिटांचे असूनही सर्वाधिक टाळले जाते. त्यानंतर इमारतीवर काळाच्या खुणा उमटवतात. ‘इंडिया इंक’ ही काळी शाई अल्कोहोलमध्ये अतिशय पातळ करून विटांवर फिरवली, की सांधे उठून दिसतात. खडूची भुकटी खिडकीखालच्या ओघळांसाठी व धुराड्याभोवतीच्या काजळीसाठी वापरतात आणि वरून बिनचकाकीचे वॉर्निश देतात. प्रत्येक डागाला कारण असावे. पाणी जिथून ओघळते तिथे डाग, जिथे हात व चाके लागतात तिथे झीज, आणि छपराच्या आडोशाला मूळ रंग शाबूत. आतून दिवे लावायचे असल्यास भिंतींना आतून काळा रंग द्यावा, नाहीतर पातळ प्लास्टिक स्वतःच उजळते. माणसांच्या बाबतीत धावणारी किंवा उडी मारणारी आकृती निवडू नये; गाडी येऊन निघून जाते आणि ती आकृती तशीच अधांतरी राहते. बसलेले, वाट पाहणारे, बोलत उभे असलेले लोक दिवसभर पाहिले तरी खटकत नाहीत.

मागील पडदा क्षितिजाकडे फिकट होत जाणाऱ्या आकाशाचा असावा आणि त्याचे कोपरे गोलाकार वळवावेत. दूरच्या टेकड्या निळसर, अस्पष्ट रंगवल्याने अंतर भासते. एचओ रुळांच्या मागे टेकडीवर एन मापाचे घर ठेवण्यानेही तोच परिणाम साधतो. उभ्या प्रेक्षकाच्या छातीच्या उंचीला असलेली मांडणी कंबरेच्या उंचीच्या मांडणीपेक्षा खरी वाटते, कारण आपण गाड्या वरून क्वचितच पाहतो.

मांडणीची निगा मुख्यतः धूळ आणि प्रकाश यांच्याशी संबंधित असते. थेट ऊन पडल्यास गवताचे व पडद्याचे रंग उडतात. धूळ मऊ कुंचल्याने सैल करून, नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधलेल्या व्हॅक्यूमने ओढून घेतात; जाळीमुळे सुटलेली माणसे व झुडपे परत मिळतात. रूळ बदलायचे ठरल्यास पीव्हीए गोंदाने बसवलेली खडी कोमट पाण्याने काही वेळ भिजवली, की बऱ्याचदा मऊ पडते आणि तिच्याखालचे रूळ न मोडता उचलून पुन्हा वापरता येतात.