उकंडा नाव म्हणजे नको असलेलं पोरगं? साफ चुकीचं

आपल्या वऱ्हाडाकडच्या जुन्या मतदार यादीत उकंडा, उकंडराव, उकर्डा असं नाव दिसलं की लोकं त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात, खाली लिहितात की बापाला पोरगं नको होतं, उकिरड्यावर फेकलेलं सापडलं म्हणून हे नाव. वर्षानुवर्षं हेच फिरून राहिलं. वाचून जीव तुटतो, कारण खरं अगदी उलटं आहे.

ज्या घरात एकामागून एक लेकरं दगावत, तिथं पुढचं जगावं म्हणून हे नाव ठेवत. शंभरेक वर्षांआधी देशात हजारामागं 200 च्या आसपास लेकरं वर्षाच्या आत जात होती, आता हा आकडा 25 च्या आसपास आहे, त्यावरून मायबापाचा धाक समजून घ्या. मग बाळाला सुपात घालून क्षणभर उकिरड्यावर ठेवायचं, दुसऱ्या बाईनं उचलायचं, अन् मायनं मूठभर दाणे देऊन तिच्याकडून परत विकत घ्यायचं. घाणीतलं लेकरू, यमाची अन् दृष्ट लावणाऱ्याची नजर जाणार नाही, असा विश्वास. धोंडू, दगडू, भिका, केरोबा ही पण त्याच प्रकारची नावं.

गोंधळ होतो तो नकुसामुळं. ते नाव खरंच मुलगी नको म्हणून ठेवत, 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात अशा 285 मुलींची नावं बदलली होती. त्याला अन् उकंडाला एका मापात मोजू नका.

आता नवीन बाळाचं हे नाव कोणी ठेवत नाही, सातबाऱ्यावर आजोबाच्या जागी तेवढं दिसतं. तिथं दिसलं तर हसू नका राजेहो, नवसाचं लेकरू होतं ते.